नोटिफाय पार्टीचं जेवण

माझ्या फजितीचे किस्से अणदूरात काही कमी नाहीत, पण समुद्र ओलांडून गेलेला हा एकच. तुमचा चहा होईपर्यंत सांगून होईल. हसायचं तर खुशाल हसा. गाव हसून हसून दमलंय, आता तुमची पाळी.

आधी मी कोण ते सांगते. मी सुलभा. आम्ही बायका मिळून बचत गट चालवतो आणि हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्वारीच्या कडक भाकऱ्या करतो. पापडासारखी पातळ, हात लावला की कुर्र वाजणारी, नीट बांधून ठेवली तर महिना-महिना टिकणारी. माझी जोडीदारीण कमल. तिची भाकरी ताटली ठेवून कापल्यासारखी गोल, आणि माझी भाकरी जिल्ह्याच्या नकाशासारखी. म्हणून भाकरी तिच्याकडं आणि बोलणं माझ्याकडं, अशी आमची वाटणी.

बोलणं माझ्याकडं येण्याचं आणखी एक कारण आहे. नवा शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. दवाखान्यात गेले तर औषध राहतं बाजूला, मी चिठ्ठीवरचे शब्द विचारत बसते. बँकेत माझ्यामागं उभं राहायला लोक नको म्हणतात. एकदा तर कंडक्टरला विचारलं, 'विनाथांबा' गाडी मध्येच थांबली तर तिला काय म्हणायचं? त्यानं मला पुढच्या स्टॉपला उतरायला सांगितलं.

तर झालं असं. नळदुर्गचे शकीलभाई शारजात, म्हणजे आमच्या गावाच्या भाषेत दुबईतच, किराणा दुकान चालवतात. भाचीच्या लग्नाला गावाकडं आले होते. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात आमची भाकरी ठेवली. दुसऱ्या दिवशी माणूस थेट शेडमध्ये हजर.

"ताई, ये चीज उधर भेजो," ते म्हणाले. "उधर अपने लोग लई तरसते. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, सगळे हायेत तिकडं. मेरे दुकान में चटणी मिलती, शेंगदाणे मिलते, ही भाकरी मिळत न्हाय."

कमलनं माझ्याकडं बघितलं, मी कमलकडं. आमची भाकरी तोवर सोलापूरच्या पुढं गेलेली नव्हती. आम्ही हो म्हणून बसलो. परवाने, तपासण्या, सगळं मागं लागून लागून पुरं केलं. राहिलं फक्त माल बोटीत चढवणं. तिथं आली ऋतुजा.

ऋतुजा मुंबईची. तिची कंपनी बोटीत जागा धरून द्यायचं काम करते. आपण नाही का, गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो? तसा ती मुंबईत बसून बोटीत आपला रुमाल टाकते. मुलगी गोड, पण बोलायची सगळं अक्षरांत.

"ताई, एफसीएल करायचं की एलसीएल?"

"आधी त्याचा अर्थ सांग बाई."

"एफसीएल म्हणजे अख्खा कंटेनर एकट्या तुमचा. एलसीएल म्हणजे एका कंटेनरमध्ये तीन-चार जणांचा माल."

फोन स्पीकरवर होता. कमल पीठ मळता मळता म्हणाली, "म्हंजे काळीपिवळीच की. सगळी गाडी करायची का शिटावर जायचं, इचारायलीय ती."

"शिटावर," मी फोनमध्ये सांगितलं.

"एलसीएल ना, ताई?"

"तेच ते."

मग निघाला सीबीएम. खोक्याची लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार, म्हणजे आपला माल जागा किती खातो ते. मी विचारलं, भाडं वजनावर नसतं का? ती म्हणाली, दोन्ही बघतात, पण तुमचा माल हलका आणि जागा जास्त घेणारा, म्हणून जागेवर धरतील. मला लगेच कळलं. कापसाचा ट्रक बघितलाय ना? वजन काही नाही आणि दोन्ही बाजूंनी रस्ताभर लोंबतो. तसंच हे.

"मंग भाकरी जरा बारकी थापू का?" कमलनं विचारलं. मी म्हटलं, थाप तू गुमान.

"शिपर म्हणून गटाचं नाव टाकते," ऋतुजा म्हणाली.

कमलचा हात थांबला. "शिप आपली हाय व्हय?"

"शिपर म्हणजे माल पाठवणारा, काकू. आणि ज्याच्या नावानं माल जातो तो कन्साइनी. ते शकीलभाई."

मी एकेक शब्द असा सोलून घेतला. बिल ऑफ लेडिंग म्हणजे बिल नव्हेच, ती बोटीची बिल्टी. ट्रकवाल्याची असते तशी, माल घेतल्याची पावती. एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंत जबाबदारी आपली, चढला की पुढं घेणाऱ्याची. पाहुण्याला स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं की आपण मोकळे, पुढं त्याचं तो बघेल, तसं. डेमरेज म्हणजे माल बंदरात उतरला आणि वेळेत कुणी उचलला नाही, तर पडून राहिल्याचा दंड. रोज वाढणारा.

मला तर मजाच यायला लागली. संध्याकाळी बायका जमल्या की मी त्यांना शिकवायची. शेवटी शेवटी कमलसुद्धा नवऱ्याला सांगायला लागली, "जेवण ताटात वाढलंय, आता एफओबी. पुढं तुमचं तुमी बघा."

इतकं सगळं विचारून घेणारी बाई कुठं अडकावी?

माल निघायच्या आधीचा दिवस. शेडमध्ये नुसता गोंधळ. खोकी चिकटपट्टीनं बांधायची चाललेली, टेंपोवाला हॉर्न मारतोय, दोन बायका भांडतायत. त्यात ऋतुजाचा फोन.

"ताई, मी जरा घाईत आहे, फक्त एक राहिलं. नोटिफाय पार्टी कोण?"

आता तुम्हीच सांगा, यात विचारण्यासारखं काय होतं? नोटिफाय हा शब्द नोटिशीतला. ग्रामपंचायत नोटीस लावते, म्हणजे सगळ्यांना कळवते. आणि पार्टी? ट्रॅक्टर घेतला, पार्टी. पोरगं भरतीत लागलं, पार्टी. दोन्ही शब्द जोडले की अर्थ समोर उभा. गावाला रीतसर कळवून द्यायचं जेवण. पहिल्यांदा परदेशी माल पाठवायचा म्हणजे असं काहीतरी असणारच. मला तर दुबईवाल्यांचं कौतुक वाटलं. किती रीतीची माणसं.

"देऊ की," मी म्हटलं. "पण आधी सांगायचंस ना. तयारी लागते."

"तयारी काही नाही ताई, फक्त एक नाव आणि नंबर द्या. माल पोचला की त्यांना फोन जाईल, पुढचं सगळं तेच बघतील."

माल पोचला की फोन, आणि पुढचं सगळं बघणारा माणूस. आमच्याकडं असा एकच. दत्तूमामा आचारी. लग्न असो, जावळ असो, किराणा आणि भाजी येऊन पडली की मामांना फोन करायचा. त्यानंतर घरच्यांनी चुलाणाकडं फिरकायचंसुद्धा नाही, अशी त्यांची अट असते.

"लिही," मी म्हटलं. "दत्तात्रय."

"आडनाव?"

मला आठवेना. "सगळे आचारीच म्हणतात."

"मिस्टर आचारी. ते तिकडचेच आहेत ना?"

"हां, तिकडचेच." मामांचं घर हायवेच्या तिकडल्या अंगाला आहे. हे हिला मुंबईत बसून कसं कळलं, याचं मला नवल वाटलं.

"नंबर इकडचा दिसतोय, ताई."

"ते तोच वापरतात. दुसरा न्हाय त्यांच्याकडं."

"चालेल मग," ती म्हणाली. रात्री तिनं बिल्टीचा मजकूर तपासायला पाठवला. मी सगळी नावं बारकाईनं वाचली. दत्तात्रयचं स्पेलिंग एकदम बरोबर होतं. मी अंगठा पाठवून दिला.

टेंपो निघाला त्या दिवशी आम्ही शेडसमोर मंडप टाकला. गावात निरोप गेला, नोटिफाय पार्टी आहे, सगळ्यांनी यायचंय. गावानं त्याचं 'लोटीफाय पार्टी' केलं. एक म्हातारबाबा काठी टेकत आले आणि आधी चौकशी केली, "कंच्या पार्टीची पार्टी म्हणायची ही? इलेक्शन तर लांब हाय."

"कुठल्याच न्हाय बाबा, दुबईची हाय."

"मंग बसतो," म्हणाले.

शिरा, वांग्याची भाजी, भात, आमटी. जेवण झक्क झालं. "भाकऱ्या बोटीत बसल्या आन आपण भात खायलोय," असं कुणीतरी म्हणालं आणि पंगतभर हशा झाला. मी मामांना बजावून ठेवलं होतं, "मामा, तुम्हाला फोन येतील माल पोचला म्हणून. हां म्हणा आणि पुढचं बघा."

"ते माझं रोजचंच हाय," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्यांना दुबईचा कुठलाही फोन आला नाही. पण जेवण वेळेत झालं, मग मी तरी कशाला विचार करू?

दिवस गेले. आम्ही पुढच्या कामाला लागलो. एका दुपारी शकीलभाईंचा फोन.

"ताई, भाकरी किधर है?"

"बोटीत असंल की."

"बोट कब की आ गई बोलते. मला कुणी कळवलं न्हाय. म्या दुकानात पाटी लावून बसलोय, कडक भाकरी येत आहे. लोगां रोज येतात, पाटी बघतात आन माझ्याकडं बघतात. एक लातूरचा माणूस तर बोला, भाई, पाटी तरी उतरवा."

बायकांनी आठवडाभर चुलीपुढं बसून केलेला माल. पहिलीच मागणी. मी ऋतुजाला फोन लावला.

"ताई, बरं झालं तुम्हीच केलात," ती म्हणाली. "माल केव्हाचा पोचलाय. तिकडचं ऑफिस आचारी सरांना रोज फोन करतंय. डेमरेज सुरू झालंय. पण ते फोनवर काहीतरी भाजीचं बोलतात."

"कोण आचारी सर?"

"तुमचे. नोटिफाय पार्टी."

तिला म्हटलं, बाई, ते गावचे आचारी आहेत, त्यांनी पार्टीचा स्वैपाक केला. ऋतुजाला आधी काही कळेना. मग कळलं. मग तिनं फोन जरा लांब धरला, आणि ती हसतेय की रडतेय ते मला समजेना. परत आली तेव्हा आवाज बदललेला होता.

"ताई, नोटिफाय पार्टी म्हणजे माल पोचल्यावर ज्याला कळवायचं तो माणूस. तो जाऊन माल सोडवतो. तिथं शकीलभाईंचंच नाव पाहिजे होतं. आणि अजून एक आहे. आचारी सरांनी काल त्यांना सांगितलंय, डबे नकोत, वापस घेऊन जा. ते लोक आता विचारतायत, खरंच परत पाठवायचं का? ते आज परत फोन करणार आहेत. सरांनी स्वतः नाही म्हणायला पाहिजे."

मामांना फोन लावला, तर उचलेनात. त्यांच्या घरून कळलं, नळदुर्गला लग्नाच्या स्वैपाकावर गेलेत. कमलनं हात धुतले, स्कूटी काढली आणि म्हणाली, "बस मागं."

मंडपाच्या मागच्या बाजूला मामा सापडले. हातात झारा, समोर बुंदीची कढई, खांद्यावर टॉवेल. मला बघून उलट तेच वैतागले.

"सुलभा, कुठल्या अडत्याला माझा नंबर दिलास तू? रोज फोन. हिंदीत बोलायलाय. म्हणतो, आपका माल आया है, छुडा लो. म्या म्हटलं, माल तो सब आ गया, खाली फुलगोबी कम है. तर म्हणतो, इतने डिब्बे हैं. म्या म्हटलं, डिब्बे नको, पोते में भेजो. तर डेमरेज लगेगा म्हणतो. म्या म्हटलं, लगाव, क्या लगाना है लगाव, फक्त मंडप के बाहर लगाव. काल परत आला, तवा म्या सांगूनच टाकलं, वापस ले जाव."

"मामा, ती भाजी न्हाय. त्या आमच्या भाकऱ्या हायेत. दुबईहून फोन करायलेत ते."

मामांनी झारा कढईत सोडला. "दुबई? आन म्या त्याला काल म्हटलं, आठवडी बाजारात भेट."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लांबच लांब नंबर. मी स्पीकर लावला आणि मामांच्या तोंडापुढं धरला.

"आचारी साहब," पलीकडचा माणूस दमलेल्या आवाजात म्हणाला, "आखरी बार पूछ रहा हूँ. माल वापस भेजना है?"

"नको, नको. वापस नको," मामा म्हणाले.

मी कानात सांगितलं, "म्हणा, नोटिफाय पार्टी बदल दो."

मामांनी मान हलवली. "पार्टी बदलायची? म्या राजकारणात पडत न्हाय, सुलभा."

"मामा, म्हणा हो."

"पार्टी बदल दो," मामा कसेबसे म्हणाले. "शकीलभाई को दो. शारजावाले."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. मग त्या माणसानं विचारलं, "आप का इस माल से क्या संबंध है, साहब? नोटिफाय पार्टी थे, तो आप ने किया क्या?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"हम ने खाना बनाया," ते म्हणाले.

त्या माणसानं दोनदा विचारलं, "खाना?" शेवटी म्हणाला, मुंबई ऑफिस से लिखवा के भेजो. ऋतुजानं तासाभरात लिहून पाठवलं, आणि कमल कढईपाशी बसून बुंदी पाडत बसली. कारण या सगळ्या भानगडीत मामांचं तेल करपायला लागलं होतं.

माल सुटला. दंड काही सुटला नाही, तो शकीलभाईंनी तिकडं भरला आणि आम्ही त्यांना पुढच्या मागणीच्या भाकऱ्या देऊन फेडला. थोड्या भाकऱ्या मोडल्या होत्या, पण शकीलभाई हुशार माणूस. त्यांनी तो चुरा दह्यात घालून लोकांना चाखायला दिला आणि अख्ख्या भाकऱ्या दोन दिवसांत संपवल्या. मी माफी मागायला फोन केला, तर म्हणतात कसे, "माफी कायकू, ताई? पर एक बात का दुख है. पार्टी मेरे माल की, गाव जेवलं, आन मलाच बोलवलं न्हाय."

ऋतुजा तर फारच समजूतदार. म्हणाली, "ताई, चूक माझी पण आहे, मी घाईत विचारलं. यात पार्टी म्हणजे फक्त व्यवहारातला माणूस." आणि खरं सांगू? हा अर्थ मला ठाऊक होता. सोयाबीन घेऊन आडतीवर गेलो आणि आडत्या म्हणाला, 'सोलापूरची पार्टी आलीय', तर मी काय शिरा शोधत फिरते?

असो. दुसरी मागणी आली. या वेळी मी नोटिफाय पार्टीपुढं शकीलभाईंचं नाव ऋतुजाकडून तीनदा वाचून घेतलं. माल वेळेत निघाला. आणि माझं नाव असं काही झालं की सास्तूरच्या एका गटाच्या बायका आमच्याकडं शिकायला आल्या. त्यांनाही चटणी बाहेर पाठवायची होती. मी त्यांना चटईवर बसवून सगळं समजावत होते. कन्साइनी, बिल्टी, सीबीएम. बायका माना डोलवत होत्या. एक तर म्हणाली, "ताई, तुमी कॉलेजला शिकवायला पायजे."

नेमका तेव्हाच ऋतुजाचा फोन.

"ताई, चांगली बातमी. ईटीए उद्याचा मंगळवार आहे. फार तर बुधवार."

आता सास्तूरच्या बायका माझ्या तोंडाकडं बघतायत. एवढं सगळं शिकवून झाल्यावर त्यांच्यासमोर 'ईटीए म्हणजे काय' असं विचारायचं? मी डोकं चालवलं. असा तीन अक्षरांचा, मंगळवारी येणार, फार तर बुधवारी. तपासणीवाले साहेब असणार, दुसरं कोण? मी कमलला खूण केली, चार बोटं दाखवली आणि पुरणपोळी लाटल्यासारखा हात केला. कमल उठून आत गेली.

"येऊ दे," मी ऐटीत फोनमध्ये सांगितलं. "आमची तयारी असते. जेवूनच जातील. किती जण हायेत?"

मग ऋतुजा अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "ताई, ईटीए म्हणजे बोट बंदराला लागायची अंदाजे वेळ. तो माणूस नाही."

"ते ठाऊक हाय गं मला," मी म्हटलं. बायकांकडं बघून हसले, फोनवर हात ठेवला आणि आत वाकून कमलला हळूच सांगितलं, "डाळ शिजायला टाकू नको."